केप ब्रेटनचे वादक आणि त्यांचे धर्मग्राम

उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलगा परततो, बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, मेजवानी मांडली जाते. या दाखल्यातील एका लहानशा तपशिलाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. थोरला मुलगा शेतावरून घराजवळ येतो तेव्हा सर्वप्रथम त्याच्या कानी पडतो तो वाद्यांचा आणि नृत्याचा आवाज. संत लूकने हे आवर्जून नोंदवले आहे. तो आवाज ऐकून थोरला रागावतो आणि आत जायचे नाकारतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा थोरला भाऊ आपल्याला पुष्कळदा भेटतो. आणि पुष्कळदा त्याच्या अंगात आम्हां धर्मगुरूंचाच झगा असतो.

आज आम्ही वाचकांना अशा एका बेटावर नेऊ इच्छितो, जेथे एका धर्मगुरूने नृत्याचे संगीत बंद करू पाहिले आणि शंभरेक वर्षांनंतर दुसऱ्या एका धर्मगुरूने त्याच संगीतासाठी आपल्या धर्मग्रामाचे दार उघडले.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. या लॅटिन नावाचा अर्थच 'नवे स्कॉटलंड' असा आहे. त्याच्या ईशान्य टोकाला केप ब्रेटन हे बेट आहे. १९५५ साली समुद्रात भराव घालून रस्ता बांधला गेला, तोवर मुख्य भूमीशी त्याचा संबंध पाण्यावाटेच होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि पश्चिमेकडील बेटांवरून हजारो गेलिक भाषिक कुटुंबे येथे आली. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरी टोळ्यांचा मोड झाला आणि त्यांची जुनी समाजरचना कोसळली. पुढे जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या अधिक किफायतशीर वाटू लागल्या, आणि कुळे देशोधडीला लागली.

या निर्वासितांत कॅथलिक पुष्कळ होते. १५६० सालच्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये जुना विश्वास काही थोड्या दऱ्याखोऱ्यांतून आणि साउथ युइस्ट, बारा यांसारख्या बेटांवर टिकून राहिला होता. १८२९ सालच्या कायद्यापर्यंत कॅथलिकांना तेथे अनेक नागरी हक्क नव्हते. अशी माणसे नव्या भूमीवर उतरली तेव्हा त्यांच्यापाशी तीन गोष्टी होत्या: आपली भाषा, आपली रोझरी आणि आपल्या नृत्याच्या धुना. ज्याच्यापाशी वाद्य नव्हते तो धून तोंडाने म्हणे, आणि त्या शब्दांच्या ठेक्यावर घरची माणसे नाचत.

त्यांचे मुख्य वाद्य व्हायोलिन. त्याला ते 'फिडल' म्हणतात. सोबतीला पूर्वी पायपेटी असे, पुढे पियानो आला. धुनांचे मुख्य प्रकार तीन. 'जिग' ही उड्या मारत चालणारी, 'रील' ही सरळ व वेगवान, आणि 'स्ट्रॅथस्पे' ही स्पे नदीच्या खोऱ्याच्या नावावरून ओळखली जाणारी. हिच्यात आखूड स्वरामागून लांब स्वर झटक्याने येतो. जणू पाऊल खडकावर आपटून पुढे सरकते. गावच्या सभागृहात चार जोडपी चौकोन करून उभी राहतात. बेटाच्या पश्चिमेकडील इन्व्हरनेस परगण्यात या नाचाचे तीन भाग असतात, पहिले दोन जिगवर आणि तिसरा रीलवर. मध्येच वादक स्ट्रॅथस्पे सुरू करतो, मग एकेक नर्तक पुढे येतो. त्याचे अंग ताठ, हात सैल. सारा खेळ पावलांचा, आणि पावलेही जमिनीपासून फारशी उचलायची नाहीत. आजोबा आणि नात एकाच चौकोनात असतात. तिकीट काढून बघत बसणारा प्रेक्षक येथे जवळजवळ नसतोच.

वादकाचे डोळे सदैव या पावलांवर असतात. नर्तक थकले की तो धून बदलतो, रंगात आले की एका धुनेतून दुसरीत न थांबता शिरतो. त्याच्या टाचेचा ठेका लाकडी जमिनीवर वाद्याइतकाच ऐकू येतो. केप ब्रेटनच्या संगीताचे सामर्थ्य कशात आहे असे कोणी आम्हांला विचारले, तर आम्ही म्हणू की ते वादक आणि नर्तक यांच्या या नात्यात आहे. एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढले की दोन्ही सुकतात.

हे वादक बहुधा कष्टकरी गृहस्थ. ज्यूडिक गावचे बडी मॅकमास्टर (१९२४–२०१४) यांनी सुमारे पंचेचाळीस वर्षे रेल्वेच्या स्थानकांवर नोकरी केली आणि रात्री गावोगावच्या सभागृहांत नाचासाठी फिडल वाजवले. २००० साली कॅनडाने त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा मोठा सन्मान दिला, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते. डॅन आर. मॅकडोनाल्ड (१९११–१९७६) हे दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या वनखात्याच्या लष्करी तुकडीत भरती होऊन स्कॉटलंडला गेले आणि पूर्वजांच्या त्या भूमीत तेथील वादकांना भेटले. त्यांनी आयुष्यभरात दोनेक हजार धुना रचल्या असे मानले जाते. त्यांतील कित्येक धुनांना शेजाऱ्यांची, मित्रांची नावे आहेत. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने दगड बसवतात. तेथे माणूस हयात असतानाच त्याच्या नावाने नाचतात!

आता त्या धर्मगुरूंकडे वळू. बेटावर माबू नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फादर केनेथ मॅकडोनाल्ड हे तेथील धर्मग्रामाचे प्रमुख होते. त्यांनी आपल्या लोकांकडील फिडल गोळा करवून नष्ट केले, अशी आठवण त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कारण एकच: दारू. नाच तेथे पेला आणि पेला तेथे मारामारी, असे त्यांना दिसत असावे. आम्ही त्यांना सहजासहजी दोष देणार नाही. दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घरी जाऊन ज्याने मुलांचे चेहरे पाहिले आहेत, त्याला त्यांची तळमळ कळेल. परंतु रोग एक आणि औषध भलतेच झाले. पेला राहिला, वाद्य गेले. ज्या घरात सायंकाळी रोझरीनंतर सारे कुटुंब धुनेभोवती जमे, त्या घरातून करमणुकीचे निर्मळ साधन तेवढे गेले. आणि तरीही सर्व फिडल काही गेले नाहीत. कारण पुढच्या पिढ्यांत याच माबू परिसराने बेटाला नामवंत वादक दिले. भाविकांनी आपल्या धर्मगुरूची आज्ञा शिरसावंद्य मानली असेल, पण सुरांना मात्र कोठेतरी आसरा दिला असला पाहिजे.

विसाव्या शतकात संकट दुसऱ्या दिशेने आले. तरुण मंडळी कामधंद्यासाठी दूरच्या शहरांत गेली. मुले गेलिक विसरली. रेडिओ आणि दूरचित्रवाणी घरात आली. १९७१ साली कॅनडाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने 'लोप पावत चाललेला केप ब्रेटनचा फिडलवादक' अशा अर्थाच्या नावाचा एक माहितीपट तयार केला. म्हातारे वादक एकेक करून जात आहेत आणि त्यांची जागा घ्यायला कोणी नाही, असा त्याचा सूर होता.

लोक दुखावले, संतापले; पण नुसते संतापून थांबले नाहीत. काही मंडळींनी समिती नेमली, घरोघरी जाऊन वादकांचा शोध घेतला आणि बेटावरील सर्व फिडलवादकांना एका व्यासपीठावर आणायचे ठरवले. या मंडळींत ग्लेनडेल गावच्या धर्मग्रामाचे प्रमुख फादर जॉन अँगस रँकिन हे अग्रभागी होते, आणि मेळावाही त्यांच्याच धर्मग्रामात भरला. १९७३ सालच्या जुलै महिन्यात ग्लेनडेलच्या उघड्या मैदानावर शंभराहून अधिक वादकांनी एकाच वेळी फिडल उचलले. ज्यांच्या नावाने शोक सुरू झाला होता, ते सारे जिवंत होते! त्यांना कोणी हाक मारली नव्हती, एवढेच.

मेळाव्याइतकेच महत्त्वाचे काम पुढे झाले. मुलांसाठी फिडलचे वर्ग निघाले. स्टॅन चॅपमन नावाच्या शिक्षकांनी ज्या मुलांना शिकवले, त्यांतून नॅटली मॅकमास्टर आणि ॲशली मॅकआयझॅक यांच्यासारखे जगभर गाजलेले वादक निघाले. नॅटली ही बडी मॅकमास्टर यांची पुतणी. ही मुले मोठमोठ्या रंगमंचांवर गेली खरी, परंतु ज्या सभागृहातील पावलांनी त्यांना ताल शिकवला, तेथे येऊन नाचासाठी वाजवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

इकडे मूळ स्कॉटलंडमध्ये काय चालले होते? तेथेही जुनी नृत्ये मागे पडत होती. पहिल्या महायुद्धानंतर जीन मिलिगन आणि इझाबेल स्ट्युअर्ट या दोन महिलांनी पुढाकार घेतला आणि १९२३ साली ग्लासगो येथे 'स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी' स्थापन झाली. मिलिगनबाई शिक्षिकांना घडवणाऱ्या महाविद्यालयात शिकवीत. जुनी हस्तलिखिते धुंडाळून संस्थेने नृत्यांची वर्णने धुनांसह छापली, वर्ग चालवले, परीक्षा घेतल्या. १९५१ साली तिला 'रॉयल' हे बिरुद मिळाले, आणि आज तिच्या शाखा अनेक देशांत आहेत. हेही काम थोर आहे. पुस्तकामुळे कितीतरी नृत्ये मरणाच्या दारातून परत आली. तथापि पुस्तकात जे मावले नाही ते निसटले. जमिनीलगतची ती जुनी पावले स्कॉटलंडमध्ये जवळजवळ विसरली गेली. १९९६ साली साउथ युइस्ट या बहुसंख्य कॅथलिक बेटावर 'केओलस' नावाची उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली, तेव्हा ती पावले शिकवायला केप ब्रेटनची माणसे बोलवावी लागली. ज्यांना मेंढ्यांसाठी हुसकून लावले, त्यांच्याच पणतवंडांनी मायभूमीला तिचे नृत्य परत दिले. बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाची आठवण कोणाला होणार नाही?

वाचक म्हणतील, फादर, एवढ्या दूरची गोष्ट आम्हांला कशाला? म्हणून जवळची एक गोष्ट सांगतो. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने एक फर्मान काढून ख्रिस्ती लग्नांतील देशी गाणी, देशी वाद्ये आणि अनेक रूढी यांवर बंदी घातली. त्याच गोव्यात धर्मग्रामांच्या शाळांनी शेतकऱ्यांच्या पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले. त्या परंपरेतूनच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीला मिळाले. एका हाताने हिरावून घेणारी आणि दुसऱ्या हाताने भरभरून देणारी, अशी ही आपली ख्रिस्तसभा. १९६३ साली व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरील आपल्या दस्तऐवजात सांगितले की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य मान व स्थान मिळाले पाहिजे. थोरल्या भावाला बापाने पुन्हा एकदा आत बोलावले, असेच आम्ही त्याला म्हणतो.

आणि आमच्या वसईत? सामवेदी आणि वाडवळ घरांतील आज्या लग्नाची गाणी म्हणतात, त्यांत नवरीच्या माहेरचे आंगण, विहीर, केळीची बाग असे सारे काही येते. पण कित्येक लग्नांत मांडवाच्या एका कोपऱ्यात त्या गात असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातील ध्वनिवर्धक त्यांचा आवाज गिळून टाकतो. बँडवाल्यांना सांगितले जाते, 'तुम्ही देवळापर्यंतच या.' अशा आजीपाशी बसून गाणे शिकणारी नात किती घरांत आहे? लग्नातील दारू आणि उधळपट्टी यांवर आम्ही धर्मगुरू प्रवचने करतो, आणि ती केलीच पाहिजेत. परंतु 'हे नको' असे सांगणाऱ्याने 'मग हे घ्या' असे म्हणून काहीतरी हाती ठेवायला हवे. नाहीतर आमचेही फादर केनेथसारखे व्हायचे: वाद्य जाईल, पेला राहील.

ग्लेनडेलच्या धर्मगुरूंनी आणि त्यांच्या मंडळींनी जे केले ते आपल्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही. त्यांनी वादकांची यादी केली, त्यांना हाक मारली, जागा दिली आणि मुले शिकायला बसवली. प्रत्येक धर्मग्रामाला सभागृह आहे. महिन्यातून एक सायंकाळ त्यातील ध्वनिवर्धक बंद ठेवावा, आज्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवावे, बँडमधील काकांना बासरी किंवा क्लॅरिनेट घेऊन बोलवावे, आणि मुलांना त्यांच्या पायाशी बसू द्यावे. पहिल्या महिन्यात चारच मुले आली तरी हरकत नाही.

दाखल्यातील थोरला मुलगा शेवटी आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते उत्तर प्रत्येक धर्मग्रामाने स्वतः द्यायचे आहे.