नोटेचा सातबारा

"ताई, हिचा पीक नंबर ७१बी!" भाऊ म्हणाले आणि मी बघतच राहिले. मी शहापूरची, भातशेतीवाल्या घरातली. पीक म्हटलं की मला तलाठी आठवतो. नोटेवर कोण भात लावणार?

झालं असं. लक्ष्मीपूजनाला मुरबाडला मामाकडे गेले होते. मामाच्या किराणा दुकानात पूजेच्या ताटात दरवर्षी तीच एक रुपयाची नोट असते, आजोबांनी ठेवलेली. मी कुंकवाची चिमूट घेतली तोच लाह्या-बत्तासे घ्यायला आलेले शेजारचे भाऊ ओरडले, "थांबा! कुंकू नको!" भाऊ एसटीतले निवृत्त कंडक्टर. बॅगेत वेगळी नोट आली की पदरचे पैसे टाकून ती काढून घ्यायची, असं आयुष्यभर केलेला माणूस. पूजा झाली आणि मी तासभर त्यांच्या ओटीवर बसले. फराळ राहिला तो राहिलाच.

तर 'पीक' म्हणजे अल्बर्ट पिक, एक जर्मन गृहस्थ. जगभरच्या कागदी नोटांचा त्यांचा मोठा कॅटलॉग अमेरिकेत १९७५ साली निघाला, आणि संग्राहक आजही त्यांचेच नंबर सांगतात. नोटेवर छापलेला क्रमांक तिचा एकटीचा. पिक नंबर अख्ख्या कुळाचा! देश सांगा, नंबर सांगा, की जपानमधल्या माणसालाही कळतं कुठली नोट. भारताचा १ नंबर कुणाचा, तर १९१७ सालच्या एक रुपयाच्या नोटेचा. पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली म्हणून काढलेली, पंचम जॉर्जच्या रुपयाचं चित्र असलेली.

आणि अक्षरं? मी हसूच लागले, कारण हे तर आपलं सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा! चित्र तेच, सही बदलली की हिस्सा वेगळा. १९ए म्हणजे सहाव्या जॉर्जची दहाची नोट, सही जेम्स टेलर यांची. १९बी तीच नोट, पण सही सी. डी. देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला माणूस १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, ही केवढी घटना! कॅटलॉगात ती एका 'बी'मध्ये मावते.

मामाची ७१ म्हणजे राजाचं तोंड जाऊन अशोकस्तंभ आलेली, १९४९ ची. ७१ए वर सही के. आर. के. मेनन यांची, ७१बी वर के. जी. अंबेगावकरांची. एक रुपया भारत सरकारचा, म्हणून त्यावर सही अर्थसचिवाची. हेच अंबेगावकर १९५७ मध्ये दीडेक महिना रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, पण गव्हर्नर म्हणून त्यांच्या सहीची एकही नोट निघाली नाही. असली गंमत शाळेत कुणी का सांगत नाही?

मग मी चूक काढलीच. गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ च्या पाच नोटा ६६ ते ७०, आणि १९४९ ची नोट ७१? भाऊ खूश. म्हणाले, क्रम सालाचा नाही, घराण्याचा. आधी रिझर्व्ह बँकेचा गोतावळा, शताब्दीचा संच त्यालाच जोडलेला, मग सरकारी एक रुपये. आणि मागाहून आलेल्याला जागा कुठली? गांधीजींची पाचाची नोट आली तोवर ८८ आणि ८९ दोन्ही दहाच्या नोटांनी घेतलेले, म्हणून ती ८८ए. वाटणीत राहिलेल्या भावाला बांधालगतचा तुकडा द्यावा तसं! आपल्याकडे झुनझुनवाला आणि रझाक यांचं खास भारतीय नोटांचं पुस्तक आहे. त्यातले नंबर टिंबं देऊन पाडलेले, जास्त बारीक आणि माझ्या मते जास्त शहाणे. पण ओटीवर बसून तोंडपाठ म्हणायला पिकच बरा.

किन्हवलीमार्गे परत येताना एसटीत पर्स रिकामी केली. दहाच्या नोटेच्या पाठीवर खाली साल छापलेलं असतं, हे मला चाळिशीत कळलं! सह्या वाचता वाचता शहापूर आलं.

मामाच्या नोटेवर आजोबांपासूनचा कुंकवाचा डाग आहे, त्यामुळे बाजारात तिला फारसा भाव नाही. तुमच्या ताटात अशी नोट असेल तर यंदा कुंकू नाण्यालाच लावा, आणि आधी सही वाचा.