बिनतारी बोट आणि तिचें बूड

गेल्या उन्हाळ्यांत धाकट्या बंधूंच्या दहा वर्षांच्या नातवाला बिनतारी चालणारी बोट घेऊन देण्याचें काम मीं मोठ्या हौसेनें अंगावर घेतलें. निघतांना त्याच्या आईनें, म्हणजे आमच्या धाकट्या सूनबाईनें, एवढेंच बजाविलें होतें कीं, "मामंजी, हळू चालणारी घ्या हं." परंतु अडुसष्टाव्या वर्षींही खोक्यावरचा मोठा आंकडा पाहून भुलणारा मनुष्य मी! ताशीं ४५ किलोमीटर असें छापलेली एक लाल, निमुळती बोट मीं पसंत केली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं अशी बिनतारी बोट लोकांस दाखविली, तेव्हां कित्येकांस ती जादूच वाटली म्हणतात. माझी अवस्था फारशी निराळी नव्हती. बोट उलटी करून तिचें बूड पाहण्याची बुद्धि कांहीं मला झाली नाहीं.

वास्तविक पहिल्यानें पाहावयाचें तें बूडच. गोल बुडाची बोट, उदाहरणार्थ बंदरांतली टग, पाणी बाजूला सारीत चालते. स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढून जाणें तिला साधत नाहीं, म्हणून तिच्या वेगाला लांबीची मर्यादा पडते. पाण्यालगतची लांबी दोन फूट असेल तर ही स्वाभाविक मर्यादा ताशीं सुमारें साडेतीन किलोमीटर भरते. ती दुप्पट व्हावयास लांबी चौपट हवी. उलट, 'व्ही' अक्षरासारखें खोल बूड असलेली बोट वेग घेतांच पाण्यावर उचलली जाते आणि मागच्या थोड्याशा भागावर सरकत राहते. लहानसहान लाटा ती सहज कापते. पण वळतांना कलते, आणि भर वेगांत एकदम सुकाणू फिरविलें तर उलटते. सपाट बूड संथ पाण्यावर चपळ, पण वारा सुटला कीं आपटूं लागतें. दोन बुडें जोडलेली कॅटामरान वळणावर कमी कलते. मात्र तिची नाळ उचलली जाऊन मधल्या पोकळींत वारा भरला, तर मागच्या मागें कोलांटी खाते. आमची लाल बोट 'व्ही' बुडाची होती.

पहिल्याच संध्याकाळीं आम्ही गांवाबाहेरच्या तळ्यावर गेलों. बोट आपल्याकडे तोंड करून येऊं लागली कीं डावें-उजवें उलटें भासतें, हें मुलाला कोणीं सांगितलें नव्हतें. त्यानें घाबरून भलतीकडेच सुकाणू फिरविलें; वेग कमी केलाच नाहीं. बोट उलटली आणि वीस-पंचवीस हातांवर शेवाळांत अडकून पडली. मी "अरे, थांब!" म्हणेपर्यंत मुलगा कमरेइतक्या पाण्यांत! चिखलांत पाय रुतून तो पुढें कोलमडला, आणि क्षणभर त्याचें डोकें मला दिसेनासें झालें. म्हशी धूत असलेल्या एका शेतकऱ्यानें त्याला दंडाला धरून बाहेर ओढलें. माझे पाय त्या वेळीं पायरीवरून हललेच नाहींत. हें लिहितांना आजही हात अडखळतो.

घरीं सूनबाईनें ओल्या कपड्यांविषयीं विचारलें. मी तोंड उघडण्यापूर्वींच तो म्हणाला, "पायरीवरून घसरलों, आई." मला वांचविण्यासाठीं तें पोर खोटें बोललें. रात्रीं मला जेवण गेलें नाहीं. सकाळीं मीं सारें सांगून टाकलें. ती कांहीं बोलली नाहीं. पुढें दोन दिवस माझा चहा मात्र थोरल्या सुनेच्या हातीं आला.

त्यानंतर आजोबा व नातू दोघेही शिकावयास बसलों. बॅटरी थोडी पुढें सरकविली कीं नाळ खालीं बसते आणि बोट उड्या मारीत नाहीं. एकच पंखा असलेली बोट त्याच्या फिरण्यामुळें एका अंगास कलूं पाहते, म्हणून एका बाजूचें वळण तिला दुसऱ्यापेक्षां सोपें जातें. वळणापूर्वीं वेग उतरवावा, पण पंखा अगदीं थांबवूं नये, कारण त्यानें मागें फेंकलेलें पाणी मिळालें नाहीं तर सुकाणू बहुतेक निकामीच होतें. बोट समोरून येत असतां तिच्याकडे अंमळ पाठ करून खांद्यावरून पाहिलें, म्हणजे डाव्या-उजव्याचा घोटाळा टळतो. ही युक्ति मला फार आवडली, जरी माझी मान दुखते.

दसऱ्याला दुसरी बोट आली: टग, जाड, बुटकी, नाळेवर रबर लावलेली. निवड सूनबाईची. अट एकच, पाण्यांत पाऊल टाकावयाचें नाहीं.

गेल्या महिन्यांत लाल बोट तळ्याच्या मध्यावर बॅटरी संपून थांबली. मुलानें माझ्याकडे पाहिलें, मग पायरीवर मांडी घालून टग सोडली. तिनें दोनदां चुकीच्या जागीं धक्का दिला आणि लाल बोट नुसती गरकन फिरली. तिसऱ्यांदा नाळ बरोबर मागच्या फळीच्या मधोमध टेंकली. काठाला यावयास आठ मिनिटें लागलीं. सूनबाई आमच्या मागें उभी होती. तिनें वांकून बोट उचलली, उलटी करून पाणी काढलें, आणि बूड पदरानें पुसून माझ्या हातीं दिली.