हुर्राकचे दिवस

शिगम्याचे ढोल घुमू लागले की आमच्या गोव्यातल्या सत्तरीत वाऱ्याला वास चढायचा. पिकलेल्या काजूबोंडूंचा आंबट-गोड वास आणि त्यात मिसळलेला लाकडाचा धूर. कुठल्या डोंगराच्या बाजूला भट्टी पेटली आहे, हे त्यावरून शाळकरी पोरही सांगायचे. मग एखाद्या संध्याकाळी गावातला कुणीतरी वसरीवर यायचा. हातात काचेची जुनी बाटली, तिच्या तोंडाला केळीच्या सुक्या पानाचा बोळा. तो त्या वर्षीचा पहिला हुर्राक. उन्हाळा आला हे आमच्याकडे त्या बाटलीवरून ठरे.

गोव्याबाहेरच्या वाचकांनी फेणीचे नाव ऐकलेले असते, हुर्राकचे क्वचितच. बोंडूचा रस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या वाफेतून जे उतरते तो हुर्राक. त्यात मद्यार्क साधारण 15 टक्के. तोच हुर्राक आंबलेल्या रसात घालून पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी होते आणि मद्यार्क 42 ते 45 टक्क्यांवर जातो. फेणी वर्षानुवर्षे टिकते, जुनी झाली की तिचा मान वाढतो. हुर्राकचे तसे नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस तो येतो आणि पावसाच्या तोंडावर जातो. मधल्या तीन महिन्यांत त्याला घरी लिंबू, मीठ, मिरची आणि सोडा यांची जी सोबत मिळते, ती माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरची उन्हाळ्यातली सर्वांत सुंदर पेयरचना आहे. आजच्या भाषेत तिला कॉकटेल म्हणतात. आमच्या घरी तिला वेगळे नाव नव्हते.

तेव्हा या पेल्याची सुरुवात पहाटे बागायतीत व्हायची. झाडावरचा बोंडू कुणी तोडत नसे. रात्री आपसूक गळलेलाच वेचायचा, कारण पूर्ण पिकल्याशिवाय तो देठ सोडत नाही. आजी, आई, काकी टोपल्या घेऊन जायच्या, त्यांच्या मागे आम्ही पोरे. बी पिरगळून वेगळी करायची आणि बोंडू दुसऱ्या टोपलीत टाकायचा. पिवळा, केशरी, लाल असे तिन्ही रंग एका टोपलीत पाहिले की भूक लागायची. पण नुसता खाल्ला की घसा धरायचा. म्हणून आजी फोडी करून त्यांना मीठ लावून ठेवायची. कपड्यावर पडलेला त्याचा डाग कोणत्याही साबणाने जात नसे. काजूच्या दिवसांचे कपडे म्हणून प्रत्येकाचा एक जुना सदरा वेगळा ठेवलेला असायचा.

बोंडू भट्टीवर नेऊन खडकात खोदलेल्या कुंडीत पायांनी तुडवत. मग चोथ्याची गोल रास करून ती रानवेलीने आवळायची, वर जड धोंडा ठेवायचा. रात्रभर त्यातून जो रस ठिबकतो तो निरो. तुडवताना निघालेल्या रसापेक्षा हा नितळ आणि गोड. सकाळी सकाळी भट्टीवर गेले की भट्टीवाला न मागता पेला पुढे करायचा, लहान पोरांनाही, कारण तेव्हा त्यात नशा नसते. ऊन चढले की तो आंबू लागतो. म्हणून निरो पहाटेचाच. त्याच्यासारखे फळाचे पेय मी नंतर कुठेच प्यायलो नाही, हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे.

बाकीचा रस मातीच्या मोठ्या भांड्यांत तीनेक दिवस आंबायचा. बाहेरून काहीच घालायचे नाही, फळाबरोबर आलेल्या खमिरावरच तो उकळ्या मारतो. मग तो रस भरलेले भाण, म्हणजे भट्टीचे मातीचे भांडे, चुलीवर चढे. वाफ ज्या मडक्यात उतरायची त्यावर एक माणूस सतत पाणी ओतत बसलेला असायचा. हुर्राक किती कडक उतरला हे जुना भट्टीवाला बाटली हलवून, वर येणाऱ्या बुडबुड्यांचे मणी किती वेळ टिकतात ते बघून सांगायचा. पुढे अंश मोजायची काचेची नळी सगळीकडे आली, तरी तो आधी बाटली हलवायचाच.

घरी बर्फ नव्हता. बाटली दोरीला बांधून विहिरीत सोडलेली असायची. परसातल्या झाडाचे लिंबू, मिरचीही परसातलीच, उभी चिरलेली, बिया न काढता. मीठ आगरातले, जाडे, ओलसर, किंचित करडे. सोडा गोटीच्या बाटलीतला, बसथांब्याजवळच्या दुकानातून आणलेला. तो आणण्याचे काम माझ्याकडे असायचे. काचेच्या पेल्यात आधी मीठ, त्यावर लिंबू, मग मिरची, मग हुर्राक आणि शेवटी सोडा. हा क्रम आजोबांनी कधी मोडला नाही. मीठ लिंबाच्या रसात आधी विरघळले की पेल्याच्या तळाशी खडे राहत नाहीत आणि पहिल्या घोटाला जी चव असते तीच शेवटच्या घोटाला राहते. सोबत भाजलेले कोवळे काजूगर किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा. एका संध्याकाळी एक पेला, फार तर दोन. मग जेवण.

त्या वसरीवर बसायचे फक्त पुरुष. पहाटे बोंडू वेचणाऱ्या, बी वेगळी करणाऱ्या, लिंबे चिरून देणाऱ्या बायका आत स्वयंपाकघरात असायच्या. चव त्यांना वासावरून माहीत होती, जिभेवरून नाही. जुन्या दिवसांची आठवण काढताना ही गोष्ट गाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. आज आमच्या घरी हुर्राक आला की आई लहान पेला घेऊन बसते. पहिल्याच वर्षी तिने एक घोट घेऊन सांगितले, “मीठ उणें पडलां.” ते खरेच कमी होते. इतकी वर्षे दुसऱ्यासाठी करून देणाऱ्या हाताला प्रमाण बरोबर ठाऊक होते. तेव्हापासून आमच्याकडे मीठ आईच घालते. या एका बाबतीत आजचा उन्हाळा तेव्हाच्यापेक्षा निःसंशय चांगला आहे.

आज हुर्राक आल्याची वर्दी फोनवर येते. तो प्लास्टिकच्या बाटलीतून येतो, कधी लेबल लावलेल्या काचेच्या बाटलीतूनही. गोटी सोड्याची जागा लिम्काने घेतली त्यालाही आता बराच काळ झाला. 1993 साली लिम्काची मालकी पार्लेकडून कोका-कोलाकडे गेली, पण हुर्राकच्या पेल्यातली त्याची जागा हलली नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. लिंबाचा आंबटपणा आणि बुडबुडे बोंडूचा वास वर उचलून धरतात, आणि हेच काम पूर्वी सोडा आणि लिंबू मिळून करत. फक्त लिम्का गोड असतो, म्हणून अर्धा लिम्का आणि अर्धा साधा सोडा घेतला तर चव जुन्या पेल्याच्या जवळ जाते. साठ मिलिलिटर हुर्राकला दीडशे मिलिलिटर असे मिश्रण पुरे. लिंबू अर्धे, मिरची एक, मीठ दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतके. बर्फाचे मोठे खडे घ्यावेत, चुरा लवकर वितळून सगळे पाणचट करतो.

पणजी-म्हापशाच्या बारांत आता हुर्राकमध्ये काय काय घालतात! पॅशनफ्रूटचे सिरप, पेरूचा डब्यातला रस, निळ्या रंगाची सिरपे. नवी पोरे आपल्या मातीतले मद्य आवडीने मागतात याचा मला मनापासून आनंद आहे. एके काळी पाहुण्यांसमोर हुर्राक ठेवायला शहरातली घरे संकोचत. 2009 साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 साली गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा पेय ठरवले, आणि त्या मानाचा उजेड हुर्राकवरही पडला. पण दाट गोड सिरप घातले की बोंडूचा वास मरतो, आणि तो गेला तर पेल्यात स्वस्तातली कुठलीही दारू चालेल.

फळ घालायचेच तर त्याच उन्हात पिकणारे घालावे. चमचाभर कोकम आगळ घालून पाहा. त्याचा आंबटपणा लिंबापेक्षा खोल, आणि रंगाबद्दल तर बोलायलाच नको. आगळात मीठ असतेच, म्हणून वेगळे घालू नये. कैरी उकडून तिचा गर, थोडा गूळ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड असे पातळ पन्हे केले तर त्यातही हुर्राक छान मिसळतो. पर्रे गावच्या कलिंगडाचा रस गाळून, मिरी घालून केलेला पेला आमच्या घरात सर्वांना आवडतो. या तिन्ही फळांचा हंगाम बोंडूच्या हंगामाला धरून येतो, म्हणून त्यांचे एकमेकांशी जुळते असे मला वाटते.

बदल भट्टीवरही झाले. पायांऐवजी यंत्राने बोंडू चिरडतात, मातीच्या भाणाच्या जागी तांब्याचे आले. यंत्राचा रस स्वच्छ असतो, कष्ट वाचतात, त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार वसरीवर बसून पिणाऱ्याला नाही. दुःख वेगळेच आहे. बोंडू वेचायला माणसे मिळत नाहीत. बीला भाव आहे, म्हणून बी उचलली जाते आणि बोंडू झाडाखाली सडतो. भट्टीवाल्यांची पुढची पिढी पणजीत किंवा परदेशात नोकरी करते. भट्टी बंद पडली की रात्रभर ठिबकणारा निरोही बंद होतो, आणि तो बाजारात विकत मिळत नाही, कारण दुपारपर्यंतही तो तसाच राहत नाही. आज गोव्यातल्या किती मुलांनी पहाटेचा निरो चाखला आहे? माझ्या लेकीने चाखला, तोही मुद्दाम गावी नेले म्हणून.

दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या बाजूला काजू गोव्याइतकाच जोमाने येतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची झाडे कोकणभर लागली आहेत. तिथेही बोंडू मोठ्या प्रमाणात वाया जातो. दारू नको असेल त्यांनी बोंडूचे सरबत करावे. फोडींना मीठ चोळून त्या धुवाव्यात म्हणजे घसा धरण्याचा गुण बराच जातो. मग रस काढून गाळावा, लिंबू आणि साखर घालावी. संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असलेले फळ आपण पायदळी तुडवून टाकतो, याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

आणि एक सांगणे. चतुर्थीच्या दिवसांत कुणी ताजा हुर्राक म्हणून बाटली पुढे केली तर घेऊ नका. तेव्हा झाडावर बोंडू नसतो. साखरेच्या पाण्यावर किंवा दुसऱ्या मद्यावर वास चढवून विकलेला माल हा भट्टीवाल्याच्या कष्टाचा अपमान आहे. गोव्याबाहेर नेणार असाल तर परवाना घ्या. यंदा मार्च-एप्रिलमध्ये सत्तरीत, डिचोलीत, काणकोणात, जिथे ओळख असेल तिथल्या भट्टीवर पहाटे जा. मुलांना बरोबर घ्या, त्यांना निरो पाजा, तुमची बाटली भट्टीवाल्याच्या हातून घ्या आणि तो मागेल तो भाव द्या. मे संपता संपता भट्टी विझते, त्याआधी जा.