हात सोडण्याआधी

संगणकावरच्या खेळाविषयी गंभीरपणे लिहू लागले की साहित्याच्या माणसाला उगाच अवघडल्यासारखे होते. नाटकाचा प्रयोग हाही खेळच, छंदशास्त्र हीही एक परीने मात्रांची खेळणीच, अशी समर्थने हाताशी असतात. पण ती पुढे करण्याची गरज आम्हांला वाटत नाही. आम्ही दोघे एकाच मराठी विभागात शिकवतो आणि गेली दोन वर्षे फावल्या वेळात संगणकावर विमाने बांधतो आहोत. खेळाचे नाव सिंपलप्लेन्स. २०१५ साली तो संगणकावर आला. नावात साधेपणा आहे. खेळात तो फार काळ टिकत नाही. या छंदातून एक प्रश्न आमच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचला, त्याचा हा हिशेब.

आधी बांधणीविषयी. रिकाम्या जागेत एक कॉकपिट मिळते आणि त्याला धडाचे तुकडे, पंख, शेपूट, इंजिन, इंधनाची टाकी, चाके असे एकेक जोडत जायचे असते. पंख ओढून लांब करता येतो, मागे झुकवता येतो, त्याच्या मागच्या काठावर हलणारी पाती बसवता येतात. प्रत्येक तुकड्याला वजन असते. वजनाचा मध्य, पंखांना मिळणाऱ्या उचलीचा मध्य आणि इंजिनाच्या रेट्याचा मध्य असे तीन गोळे पडद्यावर पाहता येतात, आणि विमानाचे सगळे भवितव्य या तिघांच्या परस्परसंबंधात असते. वजनाचा मध्य उचलीच्या मध्याच्या थोडा पुढे असेल, तर वाऱ्याच्या झोताने वर गेलेले नाक आपसूक खाली येते. कारण वाढलेली उचल वजनाच्या मागे लागू होऊन शेपटाला वर ढकलते. तो मागे असेल, तर वर गेलेले नाक आणखी वर जाते. पंखांची टोके मुळापेक्षा किंचित उंच ठेवली, तर एका कुशीवर कललेले विमान हळूहळू सरळ होते. म्हणजे कोणतीही आज्ञा न लिहिता, केवळ आकारातून, एक नियम विमानात घालता येतो.

खेळातल्या पहिल्या विमानतळाला राइट हे नाव आहे. ते योग्य, पण गमतीचेही. कारण १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिल्या खेपेस १२ सेकंद आणि १२० फूट उडालेले राइट बंधूंचे यंत्र असे स्वतःला सावरणारे नव्हते. ते दोघे सायकली बांधणारे; सायकल चालवणारा क्षणोक्षणी तोल सावरतो, तसा वैमानिकानेही तो सावरावा, अशी त्यांची धारणा होती. यंत्राने आपणहून स्थिर राहावे यापेक्षा ते माणसाच्या हातात पुरते असावे, हे त्यांना महत्त्वाचे वाटले.

इथेच आम्हां दोघांत मतभेद आहे, आणि तो अद्याप मिटलेला नाही. आमच्यापैकी एकाला स्थिर विमाने आवडतात: रुंद पंख, मोठे शेपूट, संथ चाल. त्यांच्या मते वृत्तबद्ध रचनेचे सुख असेच असते. वृत्त एकदा नीट बसले की ओळ स्वतःला सावरते, कवीचे लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले तरी चरण कोसळत नाही. दुसऱ्याला अस्थिर विमाने बांधावीशी वाटतात. ती चपळ असतात, वळायला तत्पर असतात, आणि मुक्तछंदाप्रमाणे प्रत्येक क्षणी अवधान मागतात. १९७४ साली प्रथम उडालेले एफ-१६ हे लढाऊ विमान मुद्दामच असे अस्थिरतेकडे झुकते बांधले गेले. त्याला माणसाचे अवधान पुरत नाही. वैमानिकाचा हात आणि शेपटाची पाती यांच्यामध्ये अखंड सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवलेली असते. असे विमान हवे असेल, तर नियम आकारात लिहून भागत नाही. तो अक्षरांत लिहावा लागतो.

सिंपलप्लेन्समध्ये त्यासाठी एक छोटी भाषा आहे. तिला ‘फंकी ट्रीज’ असे चमत्कारिक नाव आहे. विमानाचा वेग, उंची, नाकाचा कोन, कलण्याचा कोन, दिशा, उरलेले इंधन ही तिची नामे. बेरीज-वजाबाकी, मर्यादा घालणे, हळूहळू बदलणे ही तिची क्रियापदे. आणि तिचे मुख्य वाक्य म्हणजे मराठी व्याकरणातले संकेतार्थी वाक्य: असे झाले तर हे, नाहीतर ते. हलणाऱ्या प्रत्येक पात्याला असे एक वाक्य देता येते. मग ते पाते आपल्या हाताऐवजी त्या वाक्याचे ऐकते.

हे वाक्य लिहू लागल्यावर भाषेच्या शिक्षकाला जे जाणवते, ते सांगण्यासारखे आहे. आपण ज्या वाचकांसाठी लिहितो, ते आपले अर्धवट वाक्य पुरे करून घेतात. संदर्भावरून अर्थ लावतात, लेखकाचा हेतू ओळखून शब्दाकडे थोडे दुर्लक्ष करतात. हा वाचक तसे काही करीत नाही. उदाहरणार्थ, ‘उंची’ हा शब्द. या भाषेत उंचीसाठी दोन नावे आहेत: एक समुद्रसपाटीपासूनची, दुसरी पायाखालच्या जमिनीपासूनची. बोलताना आपण दोन्हींना उंचीच म्हणतो आणि आपले काही अडत नाही. विमानाचे मात्र अडते. समुद्रापासूनची २०० मीटर उंची राखण्याची आज्ञा मिळालेले विमान ३०० मीटरच्या डोंगरात अत्यंत आज्ञाधारकपणे घुसते. चिन्हांचेही तसेच. नाक वर गेले की कोनाचा आकडा वाढतो की घटतो, हे आधी डोळ्यांनी पाहून घ्यावे लागते. वजाबाकी उलटी पडली, तर विमान आपली त्रुटी दुरुस्त करण्याऐवजी ती निष्ठेने वाढवत नेते.

आता उंची राखण्याचाच नियम घेऊ. विमानाने १००० मीटरवर राहावे अशी आपली इच्छा आहे. सर्वांत सरळ वाक्य असे: १००० मधून आत्ताची उंची वजा कर, जितकी तफावत तितके नाक वर किंवा खाली कर. हे वाक्य बरोबर आहे आणि त्याने विमान स्थिर राहत नाही. ते १००० मीटरला पोहोचते तेव्हा वर जाण्याचा वेग त्याच्या अंगात असतोच. मग ते पुढे निघून जाते, परत येते, खाली जाते, आणि लाटेवरच्या होडीसारखे डोलत राहते. यावरचा उपाय अभियंत्यांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. रशियात जन्मलेल्या निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूचे जे गणित मांडले, त्यामागे अनुभवी सुकाणूधारी माणसाचे निरीक्षण होते. त्यांना असे दिसले की तो माणूस केवळ आत्ताचे विचलन पाहून चाक फिरवत नाही. विचलन बराच काळ एकाच बाजूला साचत असेल, तर तो थोडे जास्त फिरवतो. आणि जहाज वेगाने सरळ होऊ लागले असेल, तर आधीच हात आखडतो. या तीन भागांच्या नियमाला आज पीआयडी म्हणतात आणि तो फंकी ट्रीजमध्ये तयार मिळतो. पहिला भाग आत्ताच्या तफावतीचा, दुसरा साचलेल्या तफावतीचा, तिसरा तफावत ज्या वेगाने बदलते आहे त्याचा. आम्ही त्यांना आमच्या भाषेत वर्तमान, भूत आणि भविष्य म्हणतो. नुसत्या वर्तमानावर चालणारे विमान डोलते. भूतकाळाला फार वजन दिले, तर जुन्या तफावतीची भरपाई करता करता ते नवी ओढवून घेते. भविष्याला फार वजन दिले, तर क्षुल्लक थरथरीलाही ते दचकते. तिन्ही काळांचे प्रमाण जमवण्यात आमची एकेक संध्याकाळ गेली आहे, आणि ते जमले की विमान १००० मीटरवर असे विसावते, की त्या यंत्रात कुणी जाणता बसला आहे असे वाटावे.

जाणता त्यात नसतोच असे नाही. मिनोर्स्कींच्या नियमात तो सुकाणूधारी होता. त्याच्या हातांना जे कळत होते आणि त्याला कदाचित शब्दांत सांगता आले नसते, ते कुणीतरी पाहिले, समजून घेतले आणि अक्षरांत आणले. स्वयंचलनाकडे आम्ही तोवर कसब काढून घेणारी गोष्ट म्हणून पाहत होतो. नियम लिहिणाऱ्यापुरते तरी ते उलट आहे. नाक का डोलते हे कळल्याशिवाय ते न डोलण्याचा नियम लिहिता येत नाही.

हा विचार आम्ही वर्गात नेला, तो विमानांच्या रूपाने नव्हे. शुद्धलेखनाचे मराठीचे नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. विद्यार्थी आता ते पाठ करीत नाहीत. चूक दिसली की संगणक लाल रेघ ओढतो. आम्ही पदवीच्या वर्गाला सांगितले, ‘ती रेघ ओढणारे वाक्य तुम्ही लिहा. तुमचा वाचक मराठी जाणत नाही, पण तुम्ही लिहाल ते तंतोतंत पाळतो.’ पहिले वाक्य लगेच आले: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा. पाटी, जादू, कवी, सगळे जागेवर बसले. मग एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, आणि चे काय करायचे?’ मग ‘परंतु’ आला, ‘तथापि’ आला. मग ‘गरीब’ दीर्घ आणि ‘गरिबाला’ ऱ्हस्व का, यावर अर्धा तास गेला. तत्सम शब्द यंत्राने कसे ओळखायचे, या प्रश्नाशी वर्ग थबकला. कारण ते लिपीवरून ओळखता येत नाही, शब्दाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. त्या दिवशी त्या मुलांना जे ऱ्हस्व-दीर्घ कळले, ते लाल रेघेने वर्षभरात कळले नसते. आणि रेघ ओढणारे यंत्र ज्यांनी घडवले, त्यांना ते कळलेच असले पाहिजे.

पण नाण्याची दुसरी बाजू आहे, आणि ती गंभीर आहे. १९८३ साली लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी स्वयंचलनातील विसंगतींवर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: यंत्र सोपे ते स्वतः करते आणि अवघड तेवढे माणसावर सोपवते, परंतु सोपे रोज न केल्यामुळे अवघड वेळी लागणारे कसब माणसापाशी उरत नाही. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या, ऑटोपायलट सुटला आणि विमान वैमानिकांच्या हाती आले. पंखांनी उचल गमावलेली असताना नाक वर ओढलेलेच राहिले. साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात पडले आणि २२८ माणसे गेली. अपघातांना एकच एक कारण नसते, हे मान्य. तरीही यंत्राने हात सोडल्यावर माणसाच्या हातात काय उरते, हा प्रश्न त्या साडेचार मिनिटांतून वेगळा काढता येत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपाशी आज निबंध लिहून देणारी यंत्रे आहेत. कवितेचे रसग्रहण मागावे आणि दोन मिनिटांत नीटनेटके चार परिच्छेद यावेत, अशी स्थिती आहे. त्यावर विभागात बैठका होतात. एक बाजू बंदी मागते, दुसरी काळाची पावले ओळखायला सांगते. आम्हांला या दोन्ही बाजूंपेक्षा खेळातला एक भेद अधिक उपयोगी वाटतो. सिंपलप्लेन्समध्ये इतरांनी बांधलेली विमाने उतरवून घेता येतात. त्यांतली काही अशी आहेत, की धावपट्टीवर नुसते इंजिन सुरू करावे आणि पुढचे सारे त्यांनीच करावे. ती उडवताना पहिला तासभर आनंद होतो. आपण मात्र तिथल्या तिथेच राहतो. तेच विमान उघडले, त्याच्या शेपटाच्या पात्यात दडलेले वाक्य वाचले, त्यातला एक आकडा बदलून ते का डोलू लागले याचा शोध घेतला, की तेच आपले शिक्षक होते. विमान एकच, वाक्य एकच. वाचणाऱ्याला ते शिकवते आणि केवळ वापरणाऱ्याचे शिकणे थांबवते.

१८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या २१ वर्षांच्या तरुणाने आपले विमान प्रेक्षकांसमोरून नेताना दोन्ही हात वर केले होते. त्याचा मेकॅनिक त्या वेळी पंखावर चालत होता आणि जायरोस्कोपच्या आधाराने यंत्र आपला तोल सांभाळत होते. तो स्वतः वैमानिक होता, यंत्रणा त्याने हाताने जमवलेली होती, आणि ती क्षणभर थांबली असती तर काय करायचे हे त्याच्या हातांना ठाऊक होते. असे हात वर करणे आणि प्रवाशाने खुर्चीत हात बांधून बसणे, दुरून सारखेच दिसते.

यंत्राने लिहिलेले रसग्रहण आता आम्ही वर्गात उघडून ठेवतो आणि त्यातले प्रत्येक विधान कवितेच्या कोणत्या शब्दावर उभे आहे, ते दाखवायला सांगतो. बरीच विधाने कशावरच उभी नसतात. काही असतात, आणि ती शोधताना कविता वाचून होते. आमच्यापैकी स्थिर विमाने आवडणाऱ्या सहकाऱ्यांना मात्र हे पुरेसे वाटत नाही. त्यांचे म्हणणे, आधी एक संपूर्ण सत्र मुलांनी हातानेच उडवावे, पडावे, पुन्हा उडवावे. नियम उघडून वाचण्याची पात्रता त्यानंतरची. दुसऱ्याचे म्हणणे, उघडून वाचणे हेही उडवणेच आहे. जूनमध्ये नवे सत्र सुरू होईल तेव्हा एका तुकडीला एक आणि दुसऱ्या तुकडीला दुसरी पद्धत द्यावी, एवढ्यावर सध्या आमचे एकमत झाले आहे.