रोजगार हमी : हजेरीपटात न मावलेलं

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. पगारातून महिन्याला दोनशे रुपये कापतात, फेब्रुवारीत तीनशे. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं – व्यवसाय कर. खात्यातल्या पोरांना विचारलं, हे कशाचे रे? एक म्हणाला फंडाचे. दुसरा म्हणाला युनियनचे. तिसरा म्हणाला, कापू दे साल्यांना, आपण विचारून काय देणारेत का परत? म्हणून हे लिहायला बसलो.

१९७५ साली महाराष्ट्र सरकारनं हा कर बसवला तो रोजगार हमीसाठी. शहरात पगार घेणाऱ्यानं खेड्यातल्या बेकारासाठी थोडं द्यायचं आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. म्हंजे तिसऱ्या पाळीत मी तुटलेला धागा जोडतो, त्यातले दोनशे रुपये माझ्या आज्जीच्या घमेल्यात पडायचे. हिशेब असा होता. पुढं पुढं कर गोळा होत राहिला आणि कामावरचा खर्च घटला, ही गोष्ट वेगळी. कर मात्र कधी कुणी विसरलं नाही.

माझी आज्जी १९७२ च्या दुष्काळात अठरा वर्षांची होती. रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती, असं पुस्तकात लिहिलंय. त्या ५० लाखांत ती एक. सुकडी खाल्ली, अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला. पाण्याचा रांजण एकच होता, पण आपल्या बायांना ओंजळ धरून खाली बसावं लागे आणि दुसरीनं वरून ओतावं लागे. दुष्काळानं सगळ्यांना एका रस्त्यावर आणलं, तरी रांजण बाटायचा तो बाटायचाच. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथरचं साल आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. खडीचं साल कुणी सांगत नाही. मला वाटतं दोन्ही एकाच पानावर लिहायला पाहिजेत.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून ही योजना निघाली. १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारीचा भत्ता – दिवसाला निदान एक रुपया. २००५ साली दिल्लीनं केलेल्या कायद्यात कुटुंबामागं १०० दिवसांची हद्द होती. महाराष्ट्राच्या कायद्यात तशी हद्द नव्हती आणि हक्क कुटुंबाचा नव्हता, प्रत्येक मोठ्या माणसाचा होता. बाईचा स्वतःचा. कागद म्हणून हा कागद चांगला होता, हे मी मान्य करतो.

पण काम निघायला ५० मजूर लागायचे. आमच्या वस्तीत ५० हात कुठनं आणायचे? आज्जी आणि तिच्या जोडीच्या दोघी गावात दारोदार फिरल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून हाका मारल्या. गावातल्या बाया आल्या, कारण त्यांच्याही चुली थंड होत्या. कचेरीत अर्ज घेईनात. पोच तर कधीच मिळाली नाही. पोच नाही म्हंजे तारीख नाही, तारीख नाही म्हंजे पंधरा दिवस मोजायचे कुठून? तो एक रुपया आज्जीनं आजपर्यंत पाहिलेला नाही.

आता संशोधनाची गोष्ट. इंग्रजी मला शाळेनं शिकवलं नाही, डिक्शनरीनं शिकवलं. वाचनालयात बसून एकेक पान लावलं. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्र्यांचा १९९४ सालचा लेख आहे. त्यात दोन गावं आहेत – अकोला जिल्ह्यातलं कानझरा आणि सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर. शिरापूर! आमच्या गावापासून लांब नाही ते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेनं १९७५ पासून तिथल्या घराघराची नोंद ठेवली होती. कोण किती दिवस कुठं राबलं, किती मिळालं, किती दिवस रिकामं बसलं. मी थक्क झालो. आपल्या घरातली एवढी बारीक नोंद आपणसुद्धा ठेवत नाही.

प्रश्न त्यांनी सरळ विचारलाय. हमीवर माणूस गेला तर त्याचं दुसरं किती बुडालं? कारण बागायतदाराची ओरड तेव्हाही हीच होती, आजही हीच आहे : फुकटच्या कामानं मजूर माजले, रानात यायला कुणी तयार नाही. उत्तर निघालं, बुडालेली कमाई फार मोठी नव्हती. हमीची मजुरी बऱ्यापैकी निव्वळ घरात पडत होती. याचा अर्थ काय? ज्या दिवसांत आज्जी घमेलं उचलत होती त्या दिवसांत दुसरीकडं तिला कामच नव्हतं. ते आज्जीला ठाऊकच होतं. पण आज्जीच्या बोलण्याला कोण पुरावा म्हणतो? लेख छापून आला की म्हणतात.

मग १९८८. शेतमजुरीचे किमान दर जवळपास दुप्पट झाले, त्यासोबत हमीचेही. ही सुधारणा. मजुरी दुप्पट झाल्यावर कामावर गर्दी व्हायला पाहिजे. झालं उलटं, हजेरी घसरली. त्या वर्षी पाऊसही बरा होता, म्हणून गरज कमी झाली असं म्हणता आलं असतं. रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ साली यावर लेख लिहिला. महिन्या-महिन्याची हजेरी लावून पाहिली आणि म्हणाले, मागणारे होते, काम मोजून-मापून देण्यात आलं. कायदा जागेवर, दर दुप्पट, आणि कामं काढायचीच नाहीत. रद्द केली असती तर मोर्चे निघाले असते. काम न काढण्याविरुद्ध मोर्चा कुठं न्यायचा?

आज्जीला मी हे वाचून दाखवलं. ती तपकीर ओढत ऐकत होती. म्हणाली, "त्या साली लई हेलपाटं घातलं बाळा. सायेब म्हणायचा, काम मंजूर न्हाय. आमी म्हणायचो, मग हमी कशाची? तर हसायचा."

या विद्वानांबद्दल माझ्या मनात आदर आहे. कुमुदिनी दांडेकरांनी तर १९८३ साली बायांना डोळ्यासमोर ठेवून हमीवर पुस्तक लिहिलं. पण एक गोष्ट हजेरीपटातून काढता येत नाही. हमीचं काम निघालं त्या वर्षी पाटलाचा माणूस वस्तीवर आला होता. त्याआधी आमच्यातल्यांनी वाड्यावर जायचं, चपला हातात धरून, आणि तो म्हणेल त्या दरानं काम घ्यायचं. त्या दिवशी तो स्वतः आला, आज्जीच्या दारात उभा राहिला, म्हणाला, उद्या खुरपणीला चार बाया लागतात. आज्जी म्हणाली, "उद्या न्हाय जमत. हमीवर जायचंय."

एवढंच. हे वाक्य ती अजून सांगते, आणि सांगताना ताठ बसते. तो दिवस लेखाच्या कोणत्या रकान्यात घालायचा? तिथं बुडालेली कमाई असा रकाना आहे, आणि त्यात पाटलाकडची एका दिवसाची खुरपणी तोटा म्हणून धरावी लागेल. शेतमजुरीचा दर हमीनं वाढला का, यावर तज्ज्ञ भांडतात. भांडोत. नाही म्हणायची सोय किती दिवस मिळाली, ते कुणीतरी मोजा. शिरापूरची नोंद पुन्हा काढा, आणि आमच्या बायांना विचारा.

आणखी एक मोजा. घाम कुणाचा आणि पाणी कुणाचं. हेरिंग आणि एडवर्ड्स या दोघांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की हमीच्या कामातून जमीनवाल्याचाही फायदा होतो. १९८८ पासून जवाहर विहिरी आल्या, १९९० पासून हमीच्या पैशातून फळबागा आल्या. ज्याला जमीन त्याला बाग. आमच्याकडं जमीन म्हंजे घराखालची.

आज्जीनं दोन उन्हाळे ज्या पाझर तलावावर माती टाकली त्याच्या खाली आता ऊस उभा आहे. तिचे गुडघे गेले. त्या उसात खुरपायला माझी आई जाते.