पोच द्या, भाऊसाहेब!

"लाच" हा शब्द आपण स्वतःच्या बाबतीत कधीच वापरत नाही, तुमच्या लक्षात आलंय का? पेपरात बातमी आली की ती लाच. आपण देतो ते चहापाणी. फार तर चिरीमिरी, मिठाई, नाहीतर फाईलवर ठेवलेलं थोडं वजन. घेणाराही तोंडाने मागत नाही बरं का. तो नुसतं म्हणतो, "बघा की जरा." काय बघायचं ते आपल्याला न सांगता कळतं!

या सगळ्या प्रकारात एक गोष्ट सारखी आहे. यातलं काहीही कागदावर येत नाही. तारीख नाही, सही नाही, पावती नाही. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे ज्या तक्रारीला तिकीट नंबर नाही, ती तक्रार अस्तित्वातच नसते. कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता कोणी "अरे तो बग बघ ना" म्हणालं, तर तो बग जन्मात दुरुस्त होत नाही. सरकारी टेबलावरचा आपला अर्ज बहुतेक वेळा असाच असतो. तो दिला याचा पुरावा आपल्याकडे नसतो, म्हणून तो किती दिवस पडून आहे हेही कोणाला विचारता येत नाही. मग उरतं काय? "बघा की जरा."

२०१६ साली वडील गेले. गावाकडच्या सव्वा एकराच्या सातबाऱ्यावर आईचं आणि आम्हा भावंडांचं नाव लावायचं होतं, म्हणजे वारस नोंद. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, दोन हजार टेकव आणि मोकळा हो. तुझी एक दिवसाची रजा त्याहून महाग आहे." हिशेब बिनतोड होता. आईचं म्हणणं वेगळं. "तू जाशील पुण्याला. मला इथंच राहायचंय, उद्या परत त्याच्याच दारात जायचंय." हे मात्र बोचलं. सामान्य माणसाची खरी भीती हीच असते... पुढच्या कामाची.

तरी देणार नाही म्हटलं. तत्त्व थोडं, हट्ट जास्त. अर्ज दोन प्रतींत नेला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. "पोच कशाला? विश्वास नाय का आमच्यावर?" दुसऱ्या खेपेला शिक्काच सापडेना. तिसऱ्या खेपेला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधल्या कलम १४९ ची छापील प्रत सोबत नेली. वारसाने खबर दिली की तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यायची, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आवाज न चढवता म्हटलं, "भाऊसाहेब, एवढं वाचून घ्या." त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का सापडला!

काम लगेच झालं असं नाही. नोटीस निघाली की हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, ते ठीक. पण त्यानंतर महिना उलटला तरी हालचाल शून्य. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. प्रश्न दोनच. माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली? तो कोणाकडे किती दिवस होता? या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विनाकारण उशीर केला तर माहिती अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. माझ्या प्रश्नांचं उत्तर काही आलं नाही, फेरफार मंजूर झाल्याचा निरोप आला. एकूण साडेतीन महिने, पाच खेपा, चार रजा. चुलतभाऊ अजून हसतो. हसू दे. आई नंतर दुसऱ्या कामाला तिथे गेली, तेव्हा तिला बसायला खुर्ची मिळाली आणि पोच न मागता मिळाली.

आज हातात आणखी साधनं आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. त्यात अधिसूचित असलेल्या सेवेसाठी अर्ज केला, की पोच, अर्जाचा नंबर आणि काम किती दिवसांत होणार हे कळवणं बंधनकारक आहे. मुदत टळली तर अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. वारस नोंदीचा अर्ज तर आता ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो. नंबर आपोआप मिळतो. पण मुदत उलटल्यावर खालच्या माणसाला फोन करायचा की वर अपील, हे अजूनही आपणच ठरवायचं असतं.

"दोन हजारांनी काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. आणि कोणी उघड रक्कमच सांगितली, तर द्यायच्या आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करायचा. ते आधी तक्रारीची पडताळणी करतात, मग पंचांसमोर सापळा लावतात. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावलेली असते. घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी! शाळेच्या प्रयोगशाळेतलं हे रसायन इतकं उपयोगी पडत असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. सापळ्यात त्यांना सांगून दिलेली रक्कम तुमचा गुन्हा ठरत नाही.

हे सगळं सोपं आहे असा आव मी आणणार नाही. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमिनीचे मोठे गैरव्यवहार उघड केले होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी ते बाहेर पडले असताना त्यांचा खून झाला. तसलं धैर्य सगळ्यांकडून मागणं बरोबर नाही, मीही स्वतःकडून मागत नाही. पण आपली रोजची कामं त्या जातीची नसतात. दाखला, नोंद, नळजोड, परवाना... इथे पणाला लागतात त्या दोन-चार रजा आणि नातेवाइकांचं हसणं. एवढं बहुतेकांना परवडतं. निदान आमच्यासारख्या महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्यांना तरी परवडायला हवं. रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस बुडाला तर चूल थंड पडते, त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? उलट आपण पोच मागून मागून ती सवयीची केली, तर त्याला ती आपसूक मिळेल.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही कार्यालयात जाताना अर्जाची दुसरी प्रत सोबत ठेवा. झेरॉक्सला दोन-चार रुपये लागतात. तेवढं चहापाणी आपलं आपल्याला!