कोरडं लाकूड

आषाढात मरण येऊ नये, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणायची. अशुभ म्हणून नव्हे. लाकडं ओली असतात म्हणून.

त्या सकाळी आजीनं लावणीसाठी रोपांच्या मुठी बांधल्या होत्या. तिन्हीसांजेला चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं छातीला हात लावला आणि "जरा पडते गं" एवढंच म्हणाली. तिला दवाखान्यात न्यायला कर्जतहून पनवेलकडे निघालो. चौकच्या अलीकडे, पावसात इर्शाळगडही दिसत नव्हता तिथं, माझ्या हातातला तिचा हात जड झाला. नखांत अजून चिखल होता.

रडायच्या आधी पैसे मोजावे लागले. तिला घरी आणायला गाडी, साडेचार हजार. बांबू, मडकं, कापड, सुतळी, गोवऱ्या, तूप असं सगळं मिळून आणखी अडीच. आषाढात शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते. होती ती खतात आणि मजुरीत गेलेली. बाबा दारामागे उभं राहून फोनवर हलक्या आवाजात पैसे मागत होते. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

उजाडायच्या आत अंगणात धपधप वाजू लागलं. एकेका घरातून माणूस यायचा, इरल्याखाली, प्लास्टिकखाली झाकून आणलेली दोन कोरडी लाकडं ठेवायचा आणि न बोलता ओटीवर बसायचा. मे महिन्यात रचलेली, आपल्या चुलीच्या वाटणीची लाकडं होती ती.

आजीही दर उन्हाळ्यात ऐनाचे चार ओंडके पडवीत वेगळे ठेवायची. चुलीसाठी त्यांना हात लावू द्यायची नाही. "हे आपलं नव्हं, गावाचं हाय." 19 जुलै 2023च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबला. तेव्हा आजी त्या ओंडक्यांपाशी जाऊन बसली होती. "कुणाला नेऊन देऊ?" म्हणाली. त्या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर नव्हतं.

तिचेच चार ओंडके तिच्याखाली सर्वांत आधी रचले गेले.

तेराव्याला गावजेवण घाला, असं भावकीतून आलं. व्याजानं पैसे द्यायलाही एकजण तयार होता. बाबा नाही म्हणाले. कर्ज काढून मेलेल्याच्या नावानं पंगती उठवू नका, हे गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले, तरी आजही नाही म्हणायला छाती लागते. घरच्यांनी आणि लाकडं देणाऱ्यांनी डाळभात खाल्ला. मला ते पुरेसं वाटलं, आजही वाटतं.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत केली तर शुल्क लागत नाही, हे ग्रामपंचायतीत कळलं. अर्जावर तिचं पूर्ण नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

गाडीचे पैसे दिवाळीनंतर, भात विकून फिटले. लाकडांचा हिशेब कुणी मागितला नाही. यंदा एप्रिलात मी ऐनाचे चार ओंडके पडवीत आणून ठेवले आहेत.